पुढची गच्ची

सलूनवाल्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, असं त्याची बायकोच सगळ्यांना सांगायची. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक उठेपर्यंत तो त्याला रुसलेल्या भावाशी बोलायला राजी करून सोडायचा. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोक्यात शब्द जागच्या जागी होते, पण तोंडातून एकच बाहेर पडायचा : कंगवा. भूक लागली तरी कंगवा, डास चावला तरी कंगवा.

पुढच्या खोलीत त्याची खाट होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खाटेवर हवेची गादी आणि तिला विजेचा पंप. वीज गेली की गादी बसायची आणि बायको एकटी त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहायची. हल्ली वीज रोजच जायची. आईची कंबर पार कामातून जायला आली, तेव्हा मुलीने सोलर बसवायचं ठरवलं.

पाहणीला आलेली सोलरवाली गच्ची बघून खाली आली. तिला स्वयंपाकघरात बसून बोलायचं होतं.

"छे, यांच्या कानावर घालूनच ठरवायचं," बायको म्हणाली. "घर यांचं आहे."

मग सगळ्या खुर्च्या खाटेभोवती आल्या. सोलरवालीने कागदावर घराचा नकाशा काढला. "पॅनलसाठी दोन जागा आहेत. पुढच्या गच्चीवर दिवसभर ऊन असतं. मागच्या पत्र्यावर दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली येते. तिथेही बसवता येतील, पण ढगाळ दिवशी बॅटरी पुरती भरणार नाही."

"म्हणजे पंप बंद पडेल?" मुलीने विचारलं.

"एखाद्या दिवशी पडेल."

"मग पुढेच बसवा," बायको म्हणाली. "त्यात विचार कसला करायचा?"

सलूनवाल्याने बायकोकडे पाहिलं. पुढची गच्ची ही तिची जागा होती. दुपारी त्याचं जेवण, औषध, अंग पुसणं आटोपलं की ती कपडे वाळत घालायला वर जायची आणि बराच वेळ खाली यायची नाही. उन्हाला पाठ देऊन नुसती बसून राहायची. खाली यायची तेव्हा चेहरा सैल झालेला असायचा. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तिला कुणाचं काही करायचं नसायचं.

"कंगवा," तो म्हणाला.

सोलरवालीने लगबगीने आरशापुढचा कंगवा आणून दिला.

"नको ताई, बाबांना वेगळंच काहीतरी म्हणायचंय." मुलीने कागद त्याच्यासमोर धरला. "दाखवा बाबा. कुठे?"

त्याने डावा हात उचलला. बोट जरा भरकटलं, पण शेवटी मागच्या पत्र्यावर टेकलं.

"मागे म्हणतायत."

"म्हणू देत. माझं ऊन जाईल म्हणून चाललंय सगळं." बायको हसली. "मला कळत नाही होय?"

"मावशी, उंच खांबांवर घेतले तर खाली बसता येईल तुम्हाला," सोलरवाली म्हणाली.

"सावलीत बसायला गच्ची कशाला? सावली घरात आहे की भरपूर."

त्याचं बोट पुन्हा पुन्हा पत्र्यावर आपटू लागलं. "कंगवा! कंगवा!" एखाद्या दिवशी गादी बसली तर बसू दे, मी काही मरत नाही, पण तू वर जात जा. एवढंच त्याला सांगायचं होतं. पूर्वी याच गोष्टीवरून त्याने चहा थंड होईपर्यंत वाद घातला असता आणि जिंकलाही असता. कागद टराटरा फाटला.

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा!"

संसारभर म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य, सवयीने निसटलं. सोलरवाली मोजपट्टी गुंडाळत बसली. बायकोचा हात तोंडावर गेला. थोड्या वेळाने तिने त्याचं पांघरूण सारखं केलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पुढेच बसवा."

बसवले. नंतर पहिल्यांदा वीज गेली तेव्हा गल्लीतले सगळे पंखे थांबले, पण पंप गुरगुरत राहिला. बायकोने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. तिची कंबरही हळूहळू बरी झाली, खोटं कशाला बोला! पण आता कपडे मागच्या दोरीवर वाळायचे. ती ते टाकून लगेच आत यायची आणि दुपारभर त्याच्या पायथ्याशी, दिव्याच्या उजेडात, बसून राहायची. चेहरा संध्याकाळपर्यंत तसाच आवळलेला.

ती न्हाणीघरात गेली की तो सराव करायचा. ऊन. एवढासा शब्द. ओठांचा चंबू जमायचा, पुढचं 'न' काही केल्या यायचं नाही. तरी त्याने नाद सोडला नाही.

एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने सगळा जीव गोळा केला. "ऊ..."

तिच्या हातातली घडी सुटली. "काय? काय म्हणालात?"

"ऊ... ऊ..."

"उशी! अगं बाई, उशी हवीय!" ती धावत आतून उशी घेऊन आली आणि त्याचं डोकं उचलून खाली सरकवली. त्याने मान हलवली. तिला वाटलं, नीट बसली नाही. तिने ती थोपटून सारखी केली आणि मुलीला फोन लावला. "अगं, बाबांना नवा शब्द आला! उशी म्हणाले, उशी!" ती रडत होती आणि हसतही होती. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा असा सैल झाला होता.

फोन ठेवून ती त्याच्याजवळ वाकली. "आता बरं वाटतंय ना?"

त्याने ओठ मिटले आणि तिने ठेवलं होतं तिथेच डोकं ठेवून पडून राहिला.