चाखणारीची जीभ

रखमीची जीभ मेली होती आणि हे जगात एकट्या रखमीला ठाऊक होतं.

पावसाळ्यात ताप आला, आठवड्यात उतरला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. गोड नाही, खारट नाही, काही म्हणून काही कळेना. पण सांगते कुणाला? तलासरीच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर घरचा कडूकंद चाखायचा मान तिचा होता. कडूकंद म्हणजे काही बटाटा नव्हे. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओहळात ठेवायच्या आणि विष उतरलं का ते थोरल्या बाईनं चाखून सांगायचं. ती 'झाला' म्हणाली की झाला. नवा कंद घरच्या देवापुढे ठेवेपर्यंत बाकी कुणी जिभेला लावायचा नाही.

चव गेली म्हटलं की मान सुनेकडे, प्रगतीकडे जाणार. मग म्हातारीनं काय करावं? चव शाबूत आहे हे दाखवायला रोज ताटावर बसलं की सुरू. "ही आमटी की नुसतं पाणी? मीठ कुठं गेलं?" प्रगती बिचारी डोळे पुसायची आणि दुसऱ्या दिवशी चिमूटभर जास्त घालायची.

रखमीचा मुलगा मुकेश डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूबाग हॉटेलात स्वयंपाकी. शंभर वर्षांचं हॉटेल ते, झुंबरांचं आणि चांदीच्या काट्याचमच्यांचं. आज तिथं मोठी मेजवानी होती, चाळीस पाहुणे, सात पदार्थ. त्यातला एक पदार्थ मुकेशचा, कडूकंदाचा. नऊ वर्षं कांदे चिरले तेव्हा कुठं एक पदार्थ त्याच्या नावावर लागला होता.

सकाळी तो गाडी सुरू ठेवूनच अंगणात उभा होता. "आये, झाला ना?"

ओहळाला यंदा धार कमी होती. रखमीनं चकती तोंडात घातली, चावली, गिळली. माती खाल्ली असती तरी तसंच लागलं असतं.

"झाला. ने," ती म्हणाली.

दुपारी तिचा घसा खाजायला लागला. ओठ बधिर झाले, मग भडाभडा उलटी झाली. प्रगतीनं पाठ चोळत विचारलं, "आई, काय खाल्लंत?" आणि रखमीला सकाळची चकती आठवली. घरात कुणी खाल्लं नव्हतं ते एकच तर तिनं खाल्लं होतं!

मुकेशचा फोन लागेना. कामावर असताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा, असा तिथला कायदा. दुसरा नंबर कुणाकडे असणार?

"चल डहाणूला," रखमी उठली.

"पण झालंय काय?"

"चल म्हणते ना!" तेव्हाही खरं बोलवेना. अशी खोड.

जीप हायवेवर विवळवेढ्यापाशी ट्रकांच्या रांगेत अडकली ती पाऊण तास. रखमीनं मंदिराकडे बघून हात जोडले. महालक्ष्मी आई, माझी जीभ नेलीस ती नेलीस, आता माणसं नको नेऊस गं. मसोलीपासून रिक्षा केली. हॉटेलच्या फाटकाशी उतरल्या तेव्हा आत दिवे लागले होते. रखमीनं मुकेशचं नाव सांगितलं.

"मुकेशची आई? या, या! आत तुमचंच कौतुक चाललंय," वॉचमन म्हणाला आणि त्यांना थेट मोठ्या दालनात घेऊन गेला.

पांढऱ्या टेबलांवर चाळीस बशा मांडलेल्या, प्रत्येकीत कंद. पांढऱ्या कोटातला मुकेश सांगत होता, "आमच्यात थोरली बाई चाखते, मगच बाकीचे खातात. आईनं चाखलं म्हणून मीसुद्धा न चाखताच..." तेवढ्यात ती दिसली आणि त्याचा चेहरा फुलला. टाळ्या वाजल्या. मॅनेजर अदिती मॅडमनी चांदीचा चमचा तिच्या हातात दिला. "आजी, आज इथंही आधी तुम्हीच. मग आम्ही."

चाळीस माणसं हात आवरून बसली. रखमीच्या मनात आलं, चाखावं, थुंकावं आणि म्हणावं, पोरानं रांधताना बिघडवला. माणसं वाचतील, आपला मानही राहील. रोज सुनेवर ढकलते तसं आज लेकावर. तिनं मुकेशकडे पाहिलं. तो हसत होता.

"खाऊ नका!" ती ओरडली. "विष उतरलं नाही याचं. पोराचा दोष नाही. मला चवच कळत नाही, पावसाळ्यापासून. मी खोटं बोलले."

मुकेशनं देवबीव बाजूला ठेवून एक तुकडा जिभेला लावला आणि तिथंच रुमालात थुंकला. बशा उचलल्या गेल्या. अदिती मॅडम हळूच एवढंच म्हणाल्या, "मुकेश, तुम्ही आत जा."

मागच्या ओट्यापाशी तो कोट काढत होता. रखमी समोर उभी, मागं प्रगती.

"मग प्रगतीची आमटी?" त्यानं विचारलं.

"चांगली असायची ना रे?"

"असायची. तू बोलायला लागलीस तशी खारट झाली. तुमच्यात पडायला नको म्हणून गिळत राहिलो."

रखमीच्या हातात चमचा तसाच होता. तिनं तो सुनेपुढे धरला. "यापुढं तू चाख गं पोरी. तुझी जीभ खरी."

प्रगतीनं हात पुढे केला नाही.

"मला नाही जमायचं, आई," ती म्हणाली. "मलाही आता कळत नाही. आधी मला बरोबर लागायचं, तुम्ही अळणी म्हणायचात. पाच महिन्यांत माझा माझ्या जिभेवरचा विश्वासच गेला."