नादारीची चौकशी

खापा गावच्या जयवंता नावाच्या बाईचा उजवा हात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात मनगटापासून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. तिच्याच हलगर्जीपणानं हात गेला असं म्हणून खालच्या कोर्टानं भरपाई नाकारली. वरच्या कोर्टात अपील करायचं तर फीची तिकिटं लावावी लागणार, आणि ती तिच्या आवाक्याबाहेरची. म्हणून मनोहरराव वकिलांनी फी माफ व्हावी असा नादारीचा अर्ज केला. बहात्तर सालच्या हिवाळ्यात चौकशीची तारीख लागली. शेजारच्या तुळसाबाईला सोबत घेऊन जयवंता सकाळच्या एस.टी.नं नागपूरला आली.

व्हरांड्यात मनोहररावांनी तिला समजावलं, "घरात काय काय आहे विचारतील. भांडी, अंथरूण-पांघरूण सांगा. गेलेल्या नवऱ्याच्या हातमागाचं तेवढं आपण होऊन काढू नका. पडून असलेला माग विका म्हणतील."

"म्हंजे लपवू?"

"विचारलं तर सांगा," वकील घुटमळत म्हणाले.

निबंधक साहेबांपुढं तिनं शपथ घेतली. सरकारी वकिलांनी शेत विचारलं, दागिने विचारले, गायी-म्हशी विचारल्या. कशालाच हो नव्हतं. ते कागद आवरू लागले, तेव्हा जयवंताच म्हणाली, "साहेब, घरी हातमाग हाय."

मनोहररावांनी डोळे मिटले.

"एका हातानं माग चालतो होय?" सरकारी वकील पुन्हा उभे राहिले. "मग विका की तो!"

"विकला तं खाऊ काय? त्याच्यावरच चूल पेटते. मी अन् तुळसाबाई, आमी दोघी विणतो."

निबंधकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघी? ते कसं?"

जयवंताला शब्दांत सांगता येईना. तिनं मागं वळून हाक मारली, "तुळसाबाई, ये वं इकडं."

तुळसाबाई पदर सावरत आली. साहेबांनी मान हलवताच दोघी बाकावर खेटून बसल्या. जयवंतानं डाव्या हातानं नसलेली दोरी ओढली, आडवा धागा नेणारा धोटा सरकला असावा. तुळसाबाईनं तो धागा ठोकून बसवणारी, नसलेली फणी जवळ खेचली. पुन्हा दोरी, पुन्हा फणी. दोघींचे पाय खाली आपोआप हलत होते. एकमेकींकडं त्या बघतसुद्धा नव्हत्या. हसलं कुणीच नाही.

"केव्हापासून विणता?"

"हात गेल्यावर शिकली, साहेब. आठ दिवसांत एक लुगडं निघते."

मनोहरराव उठले. कारागिराचं अवजार नादारी ठरवताना कायदा हिशेबात धरत नाही, एवढंच ते बोलले. निबंधकांनी ते लिहून घेतलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही.

बाहेर आल्यावर मनोहरराव म्हणाले, "बाई, तुम्ही तो माग चालवता हे मी कधी विचारलंच नाही. चूक माझी."

"मी बी कुठं सांगतलं?" जयवंता म्हणाली.

तुळसाबाई मात्र फुरंगटली होती. "मले आधी सांगाचं तं होतं वं! चांगलं लुगडं नेसून आली असती मी."

आठ दिवसांनी फी माफ झाल्याचं पत्र आलं. अपील तीन वर्षं चाललं. भरपाई मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा जयवंता नदीवर धुणं धूत होती. तिनं निरोप्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग उरलेले कपडे तसेच ओले टोपलीत टाकून ती घराकडं निघाली.