डबीतलं मेण

आशाबाईनं अँबॅसडरचं बॉनेट उचललं, आत वाकून बघितलं आणि तिच्या तोंडून ‘अगं बाई!’ निघालं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरा थर फुगून बसला होता, ओल धरलेल्या भिंतीवर येतो तसा. असलं काही बघून कुणाला आनंद होतो का? तिला झाला. म्हणजे दुखणं एवढंच होतं.

"इंजिन गेलेलं नाय भावजी! वायरीत करंटच पोचत नाय!"

अंगणात उभा असलेला तिचा धाकटा दीर, कारभारी, हातावरचं घड्याळ बघू लागला. उद्या दसऱ्याला गाडी विकत न्यायला गिऱ्हाईक येणार होतं आणि शब्द त्यानंच दिला होता. आशाबाईचा नवरा बन्सी जाऊन वर्ष झालं. पाहुण्यांना वेरूळची लेणी दाखवायला नेणारी त्याची ही टॅक्सी पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून होती. ती चालवायला आशाबाईला बन्सीनंच शिकवलं होतं आणि आता परवानाही हातात आला होता.

"आज चालू झाली तर ठेव वैनी. नाय झाली तर उगं हट्ट करू नको," असं कारभारीनं सकाळीच बजावलं होतं.

बन्सीचं एक खूळ होतं. दर खंडेनवमीला तो नारळ फोडून पाणी थेट बॅटरीवर शिंपडायचा. बॅटरी म्हणजे गाडीचं काळीज, पहिला मान तिचा! मग दिवाळीच्या तोंडावर गाडी रुसून बसायची आणि हा मेकॅनिकच्या नावानं शंख करायचा. आठवून आशाबाईला हसू फुटलं, डोळेही भरून आले; पण आज रडायला सवड कुणाला होती!

तिनं पदर खोचला. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. बॅटरीची बुचं घट्ट आहेत ना ते चाचपलं आणि खायच्या सोड्याचं कढत पाणी चमच्यानं हळूच त्या थरावर सोडलं. थर फसफसून वर आला. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई, चतुराबाई, सूप टाकून धावत आल्या.

"अगं, उकळायला लागलं की!"

"निघतंय आत्याबाई, बघा, निघतंय!"

तिनं फडक्यानं सगळं कोरडं केलं, घासकागदानं टोकांचं शिसं चकचकीत होईतो घासलं आणि वायरी पान्यानं आवळून बसवल्या. मग आत बसून किल्ली फिरवली. गाडी नुसती खाकरली. कारभारीनं मान फिरवली. तिनं पुन्हा किल्ली फिरवली, आणि इंजिन असं गरजलं की शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. चतुराबाईंनी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

हसू दाबत कारभारी म्हणाला, "चालली खरं. पण दव पडलं की पुन्हा तेच. ओल लागू नये म्हणून वरून ग्रीस लागतंय. अन् आज गॅरेजवाले समदे पूजेत."

आशाबाईनं इंजिन बंद केलं, घरात पळाली आणि पितळेची एक छोटी डबी घेऊन आली. कुंकवाखाली लावायचं मेण होतं त्यात. वर्षभर ती डबी तिनं उघडलीच नव्हती.

"भर उन्हात कापूस वेचताना बी कुंकू हललं नाय कधी याच्यानं," ती म्हणाली. "घाम शिरत नाय तिथं दव काय शिरतंय?"

अंगठ्यानं मेण मऊ करून तिनं दोन्ही जोडांवर बाहेरून जाडसर लिंपलं, एक फट ठेवली नाही. चतुराबाई त्या डबीकडं बघत राहिल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे मग गाडी," कारभारी म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी सांगतो. अन् औंदा नारळ चाकापुढं फोडू. कुंकू लावायला शेजारच्या वच्छलाबाईला हाक मारतो."

वच्छलाबाई सवाष्ण होती. आशाबाई न सांगता दोन पावलं मागं सरली.

"कुणाला बोलावू नको," चतुराबाई म्हणाल्या. "जिनं चालू केली तीच लावंल."

कारभारी जागीच थांबला.

"आशा, डबीत मेण उरलंय का?"

"गाडीला पुरलं की आत्याबाई."

"गाडीचं नाय इचारत मी," म्हणत चतुराबाईंनी तिच्या कपाळावरचा पदर मागं सारला.