ओढ्यावरचा दोर

लेक गेली की सासरा आणि जावई यांच्यात बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. कुणाच्या लग्नात गाठ पडली तर तब्येत विचारायची, पावसापाण्याचं बोलायचं आणि आपापल्या ताटाकडे वळायचं. या दोघांचंही तसंच झालं असतं. पण लेकीने जाण्याआधी एक काम करून ठेवलं होतं. दूरच्या एका वर्षावनातल्या लॉजवर तिने स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी खोली ठरवली होती. ती औषधाच्या दुकानात काम करायची. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं आणि घरी आल्यावर पाय उशीवर टेकवून पक्ष्यांचे, माकडांचे आवाज ऐकत पडायचं, हा तिचा विरंगुळा. एकदा तरी हे आवाज जिथले तिथे जाऊन ऐकायचे, असं तिच्या मनात होतं. साध्या तापाचं निमित्त झालं, ताप मेंदूत गेला आणि सगळंच राहिलं.

जावई तर ते विसरूनही गेला होता. लॉज चालवणाऱ्या बाईचा फोन आला, तुम्ही दोघं किती वाजेपर्यंत पोचाल, नदीच्या घाटावर गाडी पाठवायची आहे. ती आता नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसला, कळवतो म्हणाला. मग त्याने सासऱ्यांना फोन लावला. आपण जाऊ या का, असं विचारताना त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं.  सासऱ्यांनी एवढंच विचारलं, खोलीत पलंग एक आहे की दोन?

सासरे वीज खात्यात वायरमन होते. उभा जन्म खांबांवर गेला. आता निवृत्त होते, बायको आधीच गेलेली, एकटेच राहायचे. जावई त्यांना मामा म्हणायचा. ते त्याला जावईबापू म्हणत आणि कधी म्हणता कधी अहो-जाहो सोडत नसत. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. मामांच्या तोंडातल्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कवळ्या त्याच्याच हातच्या. लेक म्हणायची, माझे बाबा माझ्या नवऱ्याच्या दातांनी मला रागावतात.

लॉज म्हणजे लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या चारदोन खोल्या आणि जेवायला एक उघडी पडवी. हवा इतकी दमट, की दोरीवरचा टॉवेल सकाळी होता त्याहून संध्याकाळी जास्त ओला असायचा. चालून आलं की मोजे उलटे करून जळवा झटकायच्या. बाई पाहुण्यांना जंगल दाखवायची, तिचा नवरा स्वयंपाक करायचा आणि माकडाला लाजवेल असा झाडावर चढायचा. वेलीसारखा सडसडीत माणूस. भाजी चिरता चिरता शीळ घालायचा आणि समोरच्या फांदीवरून पक्षी त्याला उत्तर द्यायचा.

पहिल्याच सकाळी दोघांनी तो आवाज ऐकला. आधी एक लांब, चढत जाणारी हाक. ती शिखराला पोचते न पोचते तोच दुसरी तिच्यात मिसळायची. सगळं रान त्या आवाजाने भरून गेलं. बाईने सांगितलं, हे गिबन. शेपूट नसतं, हात पायांहून लांब, आणि जमिनीवर सहसा उतरत नाहीत. नर काळा, मादी पिवळट. त्यांच्या जोडीला एक वयात आलेलं पोर आहे आणि मादीच्या पोटाला बिलगलेलं तान्हं. रोज सकाळी जोडीने गातात. मामा चहाचा कप हातात धरून उभे होते. चहा निवला तरी त्यांनी घोट घेतला नाही. हाच आवाज लेकीच्या फोनवर वाजायचा, हे दोघांनाही ओळखू आलं होतं. 

त्या दुपारी पाऊस कोसळला आणि त्यातच ओढ्याकाठचं एक प्रचंड झाड पडलं. आधी बंदूक उडावी तसा आवाज झाला, मग कितीतरी वेळ नुसता कडकडाट. जाताना त्याने आजूबाजूची आणखी झाडं सोबत नेली. पाऊस थांबल्यावर सगळे बघायला गेले. ओढ्याच्या दोन्ही काठांवर, जिथे कधी ऊन पोचत नव्हतं तिथे, भगभगीत उजेड पडला होता. चिरलेल्या लाकडाचा ओला वास सुटला होता.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. गाणं झालं, पण आवाज दोन बाजूंनी येत होते. नर आणि मोठं पोर लॉजच्या बाजूला अडकले होते. मादी तान्ह्यासकट ओढ्यापलीकडे. पडलेलं झाडच त्यांचा पूल होता. नर उजेडाच्या कडेपर्यंत यायचा, शेवटच्या फांदीला लटकायचा, अंतर बघायचा आणि परत फिरायचा. पलीकडे मादीही तेच करत होती. उडी मारावी इतकं ते अंतर कमी नव्हतं.

रानातल्या गोष्टीत आपण हात घालायचा नाही, असा लॉजचा शिरस्ता होता, आणि बाई त्याला घट्ट धरून होती. मामांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की दोर बांधला तर ती त्यावरून जातील का? बाई म्हणाली, काही ठिकाणी असे दोर बांधले आहेत, पण कुठे कुठे त्यांनी त्याला हात लावायलाच महिने घेतले. लॉजवर रेंज नव्हती, म्हणून घाटावर जाऊन तिने वनखात्यातल्या ओळखीच्या अधिकारी बाईंना फोन केला. त्यांनी अंतर, उंची विचारून घेतली आणि परवानगी दिली. मामा म्हणाले, दोर कसा ताणायचा ते मला ठाऊक आहे, मात्र या वयात वर मी चढणार नाही. बाईच्या नवऱ्याने कमरेचा टॉवेल घट्ट केला आणि म्हणाला, वरचं माझ्याकडे लागलं.

गलोलीने आधी मासे धरायचा तंगूस पलीकडे गेला, त्याला बांधून सुतळी आणि सुतळीमागून जाड दोर. बाईचा नवरा पलीकडच्या झाडावर बसून त्याचं टोक बांधत होता. अलीकडचं टोक वरच्या बेचक्यातून खाली आणलं होतं. मामा ते बुंध्याला वेढे देऊन ताणत होते आणि मागे जावई दोराचं उरलेलं टोक धरून उभा होता. मामा जास्त बोलत नव्हते. घ्या. थांबा. अजून घ्या. जावईबापू, पाय रोवा.

दोर बऱ्यापैकी ताठ झाला असताना वरची बेचकी मोडली. मोडलेल्या फांदीचा सगळा भार एकदम दोरावर आला. मामांचा हात वेढ्यांपाशीच होता. दोर सुटला असता तर बोटं आत ओढली गेली असती. जावयाला हे दिसलं की नाही कोण जाणे, पण त्याने दोर सोडला नाही. तो त्याच्या तळव्यांतून सरसरत गेला.

"सोड!" मामा ओरडले. "अरे सोड तो दोर, हात जातील तुझे!"

मामांनी हात बाजूला घेतला तेव्हाच त्याने दोर सोडला. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती.

मामांनी त्याला पडवीत आणून बसवलं. बाईने औषधाची पेटी दिली आणि ती नवऱ्याला खाली घ्यायला धावली. मामा पाण्याने जखमा धुऊ लागले. तोंड चालूच होतं. अक्कल गहाण ठेवलीस काय, या हातांवर पोट आहे ना तुझं, उद्या लोकांचे दात कशाने घडवशील, पायांनी? आपण अरे-तुरेवर आलो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. जावयाच्या मात्र आलं. कदाचित त्यामुळेच, इतके दिवस ओठांवर येऊन परत गेलेलं तेव्हा त्याच्या तोंडून निघालं.

"मामा, मला एक सांगायचं आहे."

"हात हलवू नकोस."

"आईने एक स्थळ पाहिलंय. मी हो म्हणालोय."

मामांची पट्टी गुंडाळायची लय तुटली नाही. एक तळवा झाला, त्यांनी दुसरा हातात घेतला. मग विचारलं, कधी? जावई म्हणाला, पुढच्या महिन्यात, घरच्या घरी, चार माणसांत. ती शाळेत शिकवते. तुमच्याबद्दल मी तिला सांगितलं आहे.

"हे सांगायला मला इतक्या लांब आणलंस?"

"घरी सांगता आलं नसतं. तिथे भिंतीवर तिचा फोटो आहे."

मामांनी गाठ मारली, उरलेली पट्टी पेटीत ठेवली आणि ते उठून गेले. नंतर त्यांनी बाईच्या नवऱ्याबरोबर दोर दुसऱ्या, भक्कम बेचक्यातून घेऊन पुन्हा ताणला. जावई लांब दगडावर बसून बघत राहिला. संध्याकाळपर्यंत दोर ओढ्यावर ताठ ताणलेला होता.

पुढचा सगळा दिवस मामा त्याच्याशी बोलले नाहीत. पण सकाळी जावयाला पट्ट्यांच्या हातांनी बुटांच्या नाड्या बांधता येईनात, तेव्हा ते खाली बसले, त्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि नाड्या बांधल्या. दुसरा पायही तसाच. मग पुढे चालायला लागले.

दोघं ओढ्याकाठी जाऊन बसायचे. दोराला सर्वांत आधी मुंग्या लागल्या. मग एक खार मध्यापर्यंत जाऊन, काहीतरी विसरल्यासारखी मागे फिरली. एक मोठा पक्षी त्यावर बसायला गेला, दोर हलला तसा बिचकून उडाला. नर गिबन रोज येऊन बघायचा. एकदा पोराने लांब हात करून दोराला स्पर्श केला, बोटं नाकाला लावून वास घेतला आणि पळालं. पलीकडे मादी तान्ह्याला पोटाशी घेऊन फांदीच्या बेचक्यात बसलेली असायची. सकाळ झाली की तो इकडून हाक द्यायचा, ती तिकडून. मध्ये उजेडाचा तो मोठा खड्डा. तरीही गाणं चुकत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी, गाणं संपल्यावर, मामा बोलले. जावयाकडे बघत नव्हते, ओढ्याकडे बघत होते.

"तुझं काही चुकलं नाही, हे मला कळतं. तुझं वय काय, माझं काय. मलाच कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, करून टाक म्हणून."

जावई हाताच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचत राहिला.

"पण राग आलाय. तुला दुसरी बायको मिळेल. मला दुसरी लेक मिळायची नाही."

  जावयाचे खांदे हलायला लागले तसं मामांनी आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आजारपणात, दवाखान्यात, शेवटच्या दिवशीसुद्धा दोघांपैकी एकही दुसऱ्यासमोर रडला नव्हता. तेव्हा एकमेकांना धीर द्यायचा होता, माणसं यायची होती, सोपस्कार होते. आता फक्त ओढा होता.

बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, ती तापात काय बोलायची रे, शेवटी शेवटी? मी मागे बसायचो, मला नीट ऐकू यायचं नाही. जावयाने सांगितलं, ती दुकानातली औषधं लावत होती. हे वरच्या फळीवर, ते फ्रीजमध्ये, अशी. मामांनी मान हलवली. तिचं काम नीटनेटकं होतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मामांनी आपली पिशवी गाडीत ठेवली नाही. बाईशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. पाहुणे नव्हते, खोली मोकळी होती, आणि पावसाने लॉजचं सगळं वायरिंग खाल्लं होतं, मामा ते दुरुस्त करून देणार होते. जावयाला म्हणाले, तू हो पुढे, मी हे बघून येतो. काय बघून येणार ते त्यांनी सांगितलं नाही.

जावई घरी आला. हात बरे झाले, लॅब सुरू झाली. एका दुपारी तो मेणाच्या साच्यात दात बसवत असताना फोन वाजला. जंगलात रेंज नसायची, तेव्हा मामा घाटावर चालत आले असणार.

"आली बघ ती," मामा म्हणाले. "तान्ह्याला घेऊन इकडे आली. आज सकाळी चौघंही एका झाडावर होती."

"दोरावरून?"

मामा हसले. असे हसले, की जावयाला कळेना हसतायत की खोकतायत. दोराला तिने बोटसुद्धा लावलं नव्हतं. ओढ्याच्या काठाकाठाने, झाडामागून झाड, पार खाली धबधब्याशी जिथे दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींना लागतात तिथवर ती गेली होती आणि तिथून ओलांडून वर आली होती. बाईच्या नवऱ्याने तिला धबधब्यापाशी पाहिलं. दोरावर आता खारींचं राज्य होतं. तेवढा तरी उपयोग, मामा म्हणाले, आणि माझी गाठ अजून ढिली झालेली नाही.

 फोनमधून नदीचा आवाज येत होता.

"लग्नाला मी यायचा नाही," मामा म्हणाले. "ते माझ्याच्याने होणार नाही. तुझ्या आईला तसं सांग, वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

"बरं."

"नंतर येईन. जेवायलाच येईन. तिला काय बनवता येतं?"

जावई म्हणाला, ते मी अजून विचारलंच नाही. मामा म्हणाले, मग विचारून ठेव, आणि फार कडक काही करू नका म्हणावं, खालची कवळी परत सैल झाली आहे. आल्यावर बघ जरा.

बघतो, जावई म्हणाला.  फोन ठेवल्यावर त्याने साचा पुन्हा दिव्याखाली ओढला आणि कामाला लागला.