मधली ओळ

‘मंद आचेवर तेल तापू दे,
पांढऱ्या मुळीचा जीव उतरू दे,
मेण घालून हात फिरू दे...’

लहानपणी शेगडीशेजारी बसून ऐकलेला बाबांचा तो आवाज मनात घोळत असतानाच तिने स्फटिककाचेची चौकोनी कुपी प्रयोगशाळेतल्या यंत्रात ठेवली आणि झाकण लावलं. मलमाची कृती कुठे लिहिलेली नव्हती. क्रम गाण्यात होता, माप बाबांच्या मुठीत.

मलम स्पिरिटमध्ये विरघळवून तिने गाळून घेतलं होतं. मुळीतलं औषध डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना न दिसणारा उजेड ते पिऊन टाकतं. जितका उजेड पलीकडे कमी पोचेल, तितकं औषध जास्त. नुसत्या तेल-मेणावर तिने यंत्र आधीच शून्यावर आणलं होतं.

पडद्यावर बाबांच्या नव्या मलमाची रेघही तिथेच, शून्यावर, आडवी पडून राहिली.

तिने गाळणकागद बदलला. दिवा तपासला. मग जुन्या डबीतलं मलम घेतलं, आणि रेघ डोंगरासारखी चढली. न बिघडलेलं यंत्र ती उगाच पुसत राहिली.

घरी दाराशी इस्त्रीवाला उभा होता, भाजलेल्या हातावर ओलं फडकं धरून.

“काय काका, औषध दिलंत की लोणी?”

“माझ्या मलमाला नावं ठेवतोस?” बाबा शेगडीपुढूनच गरजले. “ही बघ, पोरगी मशीनला विचारून आली. सांग गं याला!”

तिने पिशवीतली जुनी डबी त्याच्या हाती दिली.

“ही लावा. जपून वापरा, शेवटची आहे.”

तो गेला. बाबा विजयाने हसले आणि पळी फिरवत गाऊ लागले.

‘मंद आचेवर तेल तापू दे,
मेण घालून हात फिरू दे...’

मधली ओळ आजही आली नाही. कित्येक दिवस येत नव्हती. तिने ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, आणि दर वेळी भांडी जरा जास्तच जोरात वाजवली होती.

फळीवर मुळीची पुरचुंडी होती. गाठीवर धूळ बसलेली.

ती बाबांजवळ बसली आणि हलकेच ती ओळ म्हणाली. पळी थांबली. बाबांनी मान डोलावली.

“गोड आहे गं. कुणाचं गाणं?”

तिने शेगडी विझवली. त्यांचा तेलकट हात पदराने पुसला, एकेक बोट.

“तुमचंच आहे, बाबा. तुम्ही विसरत चाललात.”