बारा अंगायांमधली शांतता

तो अल्बम शेवटी परत घेतला गेला. दुकानांतून, चर्चच्या दाराशी मांडलेल्या टेबलावरून, अगदी पाळकांच्या गाडीतून सुद्धा. हे वाक्य वाचून झालं असेल तर विसरून जा. कंपनीचं म्हणणं आहे की असा अल्बम कधी निघालाच नव्हता, आणि कंपनीकडे लेटरहेड आहे. तेव्हा परत घेण्यासारखं काहीही घडलेलं नाही असं धरून पहिल्यापासून सांगायला हवं.

गायिकेच्या आवाजाचं चर्चमध्ये मोठं नाव होतं. रविवारच्या उपासनेत ती गायला उभी राहिली की मागच्या बाकांवर डुलक्या घेणारे लोक निदान तालात डुलक्या घेत. मग तिला मुलगा झाला. साडेतीन महिन्यांचा झाला तरी डोक्यावर केस नाहीत, कपाळावर कायम एक आठी, आणि कुणीही काहीही करत असलं की त्याच्याकडे ‘हे असं करतात का?’ अशा नजरेनं पाहणं. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ‘मुकादम’ पाडलं. पुढे सासूबाई सुद्धा ‘मुकादम उठले का गं?’ असंच विचारू लागल्या.

मुकादम ओकत. हे त्यांचं मुख्य काम. खांद्यावर, केसांत, उशीवर, पाहुण्यांवर; एकदा तर आशीर्वाद द्यायला वाकलेल्या पाळकांच्या चष्म्यावर. गायिकेच्या अंगाला दिवसभर आंबूस वास येई. केस धुतले की तासाभरात पुन्हा तेच. नव्या आईपणाबद्दल काय वाटतं असं कुणी विचारलं असतं तर तिनं नुसता खांदा पुढे करून ‘हुंगा’ म्हटलं असतं. पण असं कुणी विचारत नव्हतं. सगळे म्हणत, “काय गोड दिवस आहेत ना हे!”

एका दुपारी सहावा कपडा बदलताना तिचा ताबा सुटला आणि तोंडातून आपोआप चाल बाहेर पडली:

“ओकलास खांद्यावर, ओकलास केसांत,
आता तरी झोप रे, जीव आला घशात.
पिवळी झाली, हिरवी झाली, रंग उरला कोणता?
झोपलास तर देव भला, नाही तर मी जाते आता.”

मुकादमांनी कपाळावरची आठी सैल केली, गाणं नीट ऐकून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा दिवसाउजेडी झोपले. तब्बल दोन तास.

त्या दिवसापासून दुसरं काही चालेना. सासूबाईंनी स्तोत्रं गाऊन पाहिली, नवऱ्याने पंखा, पिठाची चक्की आणि सरकारी बातम्या यांचे आवाज लावून पाहिले. मुकादम आ वासून रडत. गायिकेनं ‘ओकलास’ म्हटलं की डोळे मिटत. तिची अंघोळ, तिचं जेवण, नवऱ्याशी बोलायची दोन वाक्यं, सगळं त्या चार ओळींवर उभं होतं.

“आई, बाहेर कुणाला सांगू नका हं,” तिनं सासूबाईंना बजावलं.

“मी कशाला सांगू? मी ते गाणं ऐकतच नाही. नुसती दुसरी ओळ पाठ झालीय.”

अशा दिवसांत भक्तिगीतांच्या कंपनीच्या निर्मातीबाई घरी आल्या. त्यांना लहान मुलं फार आवडत, लांबून. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्या या पवित्र अनुभवातून बारा अंगाया उमलताहेत, असं मला दिसतंय.”

गायिकेला त्या वेळी फक्त एक ओली चादर दिसत होती. पण कुणी तिला गायला बोलावत होतं, आणि तेही मुलाला बरोबर घेऊन. ती हो म्हणाली. करारावर सही पाळकांच्या खोलीत, प्रार्थना करून झाली. नववं कलम असं होतं की ध्वनिमुद्रणाच्या काळात स्टुडिओत निघणारा प्रत्येक आवाज कंपनीच्या मालकीचा.

“शिंक सुद्धा?” नवऱ्याने विचारलं.

“सुद्धा,” निर्मातीबाई गोड हसून म्हणाल्या. “पण आमच्याकडे कुणी शिंकत नाही.”

गाण्यांचे कागद दुसऱ्या दिवशी आले. ‘दुधाळ ढगांच्या दुलईत नीज रे देवदूता, तुझ्या गुलाबी श्वासाला मधाचा सुगंध.’ गायिकेला ओकावंसं वाटलं. घरात हे काम एकट्या मुकादमांकडे होतं, म्हणून तिनं आवरलं. दुसऱ्या गाण्यात बाळ हसत होतं, तिसऱ्यात हसत होतं, आठव्यात हसता हसता झोपत होतं. बारा गाण्यांत मिळून कुणीही एकदा सुद्धा लंगोट ओला केला नव्हता.

तिनं निर्मातीबाईंना फोन केला. “बाई, मधाचा वास नाही हो येत.”

“मग कसला येतो?”

तिनं सांगितलं. पलीकडे एक कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“आपण मधच ठेवू,” निर्मातीबाई म्हणाल्या.

गायिकेला खरी किळस आली ती तेव्हा. शी-शूचं तिला आता नावीन्यही उरलं नव्हतं. हा पाक मात्र घशाखाली उतरेना. ज्या प्रभूवर तिचा विश्वास होता तो बाळ होऊन गोठ्यात जन्मला होता. गोठ्यात! तिथे मधाचा सुगंध दरवळत असेल असं तिला वाटत नव्हतं. त्याच्या आईचाही खांदा आंबला असणार, आणि त्या आईला दुलईत बसवून कुणी गुलाबी केलं असतं तर तो स्वतः उठून रडला असता, याबद्दल तिची खात्री होती.

मुखपृष्ठाच्या फोटोसाठी तिला कापसाच्या ढगावर बसवलं. मुकादमांच्या टाळूवर खवले होते आणि गालांवर पुरळ. निर्मातीबाईंनी दोन पावलं लांबून त्यांना न्याहाळलं.

“फोटोसाठी आमच्याकडे एक बाळ आहे,” त्या म्हणाल्या.

“माझ्याकडेही आहे,” गायिका म्हणाली.

“हो हो, तुमचंही असू दे. ते घरात वापरा.”

आणि खरोखरच एक पांढरंशुभ्र, तुळतुळीत बाळ आणलं गेलं. गायिकेच्या मांडीवर ते ठेवल्याबरोबर कोपऱ्यातून, सासूबाईंच्या कडेवरून, मुकादमांनी अशी काही आरोळी ठोकली की भाड्याच्या बाळानं ढगावर शी केली. कापूस बदलला. फोटोत गायिका जे हसते आहे ते त्याच क्षणाचं आहे. लोक त्याला ‘मातृत्वाचं तेज’ म्हणत.

ध्वनिमुद्रण चार दिवस चाललं. ती काचेच्या अलीकडे गायची, मुकादम बाहेरच्या पॅसेजमध्ये सासूबाईंकडे असत. ध्वनिमुद्रक हा हळू बोलणारा, मान डोलावणारा माणूस होता. त्याची एक पद्धत होती: सगळं गाऊन झालं की शेवटी तो रिकाम्या खोलीची शांतता दोन मिनिटं रेकॉर्ड करायचा. गाण्यांच्या मधे जी जागा राहते ती मुकी वाटू नये म्हणून ही शांतता खाली अंथरायची, गादीवर चादर अंथरावी तशी.

“आता खोलीची शांतता घेतो,” चौथ्या दुपारी तो म्हणाला. यंत्र सुरू करून, आपल्या खुर्चीचा आवाज येऊ नये म्हणून तो स्वतःच खाली चहा प्यायला गेला. त्यानं ‘घेतो’ म्हटलं ते गायिकेच्या कानात गेलं नाही. हेडफोन काढून ती बूट शोधत होती. गाताना लागणारा लाल दिवा शांततेसाठी लावत नसत; तो विझलेला दिसला, काम संपलं असं तिला वाटलं. तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या.

“घे बाई तुझे मुकादम. माझ्या कानाचे पडदे गेले.”

मुकादम आरोळीची तयारी करत होते, ओठ थरथरत होते. गायिकेनं त्यांना उचललं, माइकच्या खांबाला टेकून बसली आणि हलकेच सुरू केलं. ओकलास खांद्यावर. तीनदा म्हटलं. मुकादम झोपले. सासूबाई दुसऱ्या ओळीला साथ देत होत्या.

तिघं निघून गेल्यावर चहा पिऊन आलेल्या ध्वनिमुद्रकाने यंत्र बंद केलं. त्यानं काही ऐकलं नाही, कारण शांतता कोण ऐकत बसतं? त्यानं ती कापली, पुसली, आवाज बारीक केला आणि बारा गाण्यांच्या मधे नीट अंथरली. निर्मातीबाईंनी प्रत्येक गाण्याची पहिली पंधरा सेकंदं ऐकून ‘अगदी स्वर्गीय’ असा शेरा दिला. पाळकांनी न ऐकताच प्रस्तावना लिहिली. चष्मा दुरुस्तीला होता.

अल्बम निघाला आणि आठ दिवसांत पत्रं येऊ लागली. सगळी आयांची, आणि सगळी चमत्कारिक. ‘गाणं सुरू झालं की आमची मुलगी दचकून उठते. दोन गाण्यांच्या मधे मात्र गाढ झोपते. कृपया गाणी थोडी कमी करून मधली जागा वाढवता येईल का?’ एका जुळ्यांच्या आईनं लिहिलं होतं, ‘तुमच्या शांततेत प्रभू आहे.’ पाळकांनी हे वाक्य एका रविवारी वाचून दाखवलं आणि शांततेवर पाऊण तास बोलले.

गायिका पहिल्या बाकावर होती. मुकादमांना थोपटताना तिला एकदम स्टुडिओतली ती दुपार आठवली.

“त्या वेळी यंत्र चालू होतं,” ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

“कुठलं यंत्र?”

“शांततेचं.”

नवऱ्याने घरी जाऊन अल्बम लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधे, अगदी खोलवरून, पण स्वच्छ: पिवळी झाली, हिरवी झाली. आणि दुसऱ्या ओळीला, मागे सासूबाई.

“माझा सूर बरा लागलाय गं,” सासूबाई म्हणाल्या.

तोवर एका कमी ऐकू येणाऱ्या आजोबांनीही आवाज पूर्ण वाढवला होता. त्यांनी कंपनीला जे पत्र पाठवलं त्यात ‘शी’ हा शब्द सात वेळा होता, पाच वेळा किळसेनं आणि दोन वेळा संदर्भासाठी.

बैठक पाळकांच्या खोलीत भरली. निर्मातीबाईंनी नाकाला रुमाल लावला होता, जणू त्या चार ओळी टेबलावर सांडल्या आहेत.

“हे काय आहे, ताई?”

“अंगाई.”

“ही? यात ओकारी आहे! यात... रंग आहेत!”

“मुलांना आवडतेय ना?” नवरा म्हणाला. “पत्रं आली आहेत.”

“मुलांना काय कळतं?”

पाळक हळूच म्हणाले, “मला रंगांचं काही नाही. चौथी ओळ बघा. ‘झोपलास तर देव भला.’ देवाच्या भलेपणाला अट घातलीय.”

“पाळकसाहेब, तो जागा असला की अटच राहते हो,” गायिका म्हणाली. “झोपला की मी रोज आभार मानते. खरेखुरे. त्या ढगाच्या गाण्यानंतर मी एकदाही आभार मानले नाहीत.”

निर्मातीबाईंनी करार वर काढला.

पत्र दोन दिवसांनी आलं. कंपनीनं असा कोणताही अल्बम काढलेला नाही. तसंच, नवव्या कलमान्वये ‘ओकलास खांद्यावर’ ही न निघालेल्या अल्बममधली न झालेली रचना कंपनीच्या मालकीची असून गायिकेनं ती यापुढे कुठेही, कोणत्याही कारणानं गाऊ नये.

“म्हण गं घरात,” नवरा म्हणाला. “कोण येतंय ऐकायला?”

“सही केलीय मी. प्रार्थना करून. शब्द दिलाय तो देवासमोर.”

“देवाला ते गाणं माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणूनच.”

सासूबाई म्हणाल्या, “मी गाते, मी कुठं सही केलीय?” आणि गायल्या. मुकादमांनी पहिली ओळ ऐकली, दुसरी कौतुकानं ऐकली, आणि तिसऱ्या ओळीला आजीच्या पदरावर ओकून पुन्हा रडायला लागले. आवाज आईचाच हवा होता.

तीन दिवस घरात कुणी डोळा मिटला नाही. मुकादमांचा घसा बसला. तोंड उघडत, पण आवाज यायचा बंद झाला, आणि ते बघणं रडणं ऐकण्यापेक्षा वाईट होतं. गायिकेनं त्यांना डाव्या खांद्यावर टाकलं, ओठ घट्ट मिटले, आणि उजव्या हातानं कंपनीला अर्ज लिहिला. कागदावर मधेच एक पिवळसर डाग आहे. तो अर्जदाराचा नाही.

‘मा. व्यवस्थापक यांस. विषय: बालक झोपवण्याची पर्यायी व्यवस्था होणेबाबत. महोदय, उपरोक्त रचना आपल्या मालकीची आहे, हे मला मान्य आहे. रचनेबरोबर तिची जबाबदारीही मालकाकडे जाते असे माझे नम्र मत आहे. तरी आपल्या कार्यालयातील एक जबाबदार अधिकारी दररोज दुपारी एक ते तीन या वेळेत वरील पत्त्यावर पाठवावा. अधिकाऱ्यास सदर चाल माझ्याच आवाजात येणे आवश्यक आहे. अधिकाऱ्याने स्वतःचा खांदा सोबत आणावा व तो धुण्याची जबाबदारी कंपनीने घ्यावी. बालकास दात येईपर्यंत ही सेवा सुरू ठेवावी, ही विनंती.’