अकरा नंबरची सपाट जागा

डोंगरउतारावर घरं बांधायची म्हटली, की नगररचना विभागात आधी कागदावरचा डोंगर येतो. तो चढायला दम लागत नाही, नजर लागते. सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटून चालतात तिथे कडा; जिथे सैल होतात तिथे विसावा. छाननीच्या टेबलावर काही वर्षं काढलेल्या त्या तरुणाला या रेषा ओळखीच्या माणसांच्या चालीसारख्या कळत. बोलायला तो फार भिडस्त. चहाच्या वेळी सगळे एकमेकांची टर उडवत, तेव्हाही तो नकाशात डोकं घालून बसे. त्यामुळे त्या सकाळी नव्या रेखांकनाची घडी उलगडून तो मोठ्यानं “अरे देवा” म्हणाला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

“काय रे? डोंगर कोसळला?”

“यातला अकरा नंबरचा प्लॉट माझ्या ताईनं घेतलाय.”

आई गेल्यावर त्याला वाढवलं ते ताईनं. स्वतःचं लग्न झालं तेव्हा तिनं नवऱ्याला आधीच बजावलं होतं, की हा बारक्या माझ्याबरोबर येणार. आणि भाऊजींनी त्याला खरोखरच पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ते बस चालवायचे. दिवसभर रस्त्यावर असणारा, हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. मग स्नायूंचा आजार जडला. आधी पाय गेले. आता हातही हळूहळू हट्टी होऊ लागले होते. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दर रविवारी तो आणि शेजारचे शिंपीकाका मिळून भाऊजींना खुर्चीसकट उचलून खाली आणत. आठवड्यातला तेवढाच एक दिवस भाऊजींच्या अंगाला ऊन लागे.

अकरा नंबर ताईनं निवडला तो यासाठीच. विकसकानं मंजुरीआधीच चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या आणि लोक सुट्टीच्या दिवशी येऊन आपापल्या रेघांत उभे राहत. ताईनं त्यालाही नेलं होतं.

“बघ रे बारक्या, सगळा डोंगर उभा, आणि माझाच तुकडा कसा टेबलासारखा! रस्त्यावरून खुर्ची थेट दारात.”

भाऊजींनी त्या दिवशी कुणालाही हात लावू दिला नाही. स्वतःच चाकं ढकलत ते टोकाच्या झाडाखाली गेले. झाडाच्या फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवरच सुरू होत होत्या. त्यांनी एका फांदीवर कोपर टेकलं आणि म्हणाले, “झाडाला आधीच कळलेलं दिसतंय, मी बसूनच येणार ते.” तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

नातं निघालं म्हटल्यावर नियमानं त्याला बाजूला व्हावं लागलं. विभागप्रमुख मॅडमनी प्रस्ताव सहकाऱ्याकडे सोपवला. या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे ‘सरासरी’ म्हणत. माणूस प्रामाणिक, पण त्याची पद्धत ठरलेली. जमिनीचा सर्वांत उंच बिंदू, सर्वांत खालचा बिंदू, मधलं अंतर, आणि त्यावरून साऱ्या जमिनीचा सरासरी उतार. तो मर्यादेत बसला, की विषय संपला.

नकाशा त्याच्या हाती देण्यापूर्वी ताईच्या या धाकट्या भावानं तो शेवटचा पाहिला, आणि त्याची नजर अडकली. वरच्या अंगाच्या रेषा एका जागी कोपरात मुडपल्यासारख्या आत वळल्या होत्या; म्हणजे तिथून पावसाच्या पाण्याचा ओघळ उतरत होता. खालच्या अंगालाही तोच मुडपा. मधल्या नऊ ते बारा नंबरांत मात्र रेषा सरळ, सैल, निवांत.

“वर ओघळ आहे, खालीही ओघळ आहे. मधे कुठे गेला?” तो म्हणाला.

“सपाट आहे ना जागा.”

“मग पाणी काय उडी मारून जातं?”

“तू नातेवाईक आहेस,” सरासरी म्हणाला, आणि त्यानं नकाशा अलगद ओढून घेतला.

प्रस्तावावर जाहीर सुनावणी लागली, तिच्या आदल्या दिवशी रजा टाकून तो एकटाच तिथे गेला. डोंगर शांत होता. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या. तो त्या बुटक्या झाडापाशी उभा राहिला आणि ज्याच्यावर सारे हसले होते तेच त्याला आता खटकलं. प्रत्येक झाड बुंध्याशी रुंदावतं, मुळांच्या दिशेनं पाय पसरून बसतं. हे झाड मात्र खांबासारखं सरळ जमिनीत शिरलं होतं. त्यानं गुडघे टेकले आणि हातांनी माती उकरली. खोड खाली जात होतं. पुन्हा उकरली. खाली आणखी खोडच. झाड बुटकं नव्हतं. ते मानेपर्यंत पुरलेलं होतं.

म्हणजे ओघळात भराव टाकून ही जागा सपाट केली होती. साऱ्या उभ्या डोंगरात जिथे पाय ठेवायला सर्वांत निर्धास्त वाटे, तीच जागा सर्वांत पोकळ होती.

संध्याकाळी तो ताईकडे गेला तो हे सांगायलाच. दार उघडं होतं. ताईनं खोलीभर खडूनं घर आखलं होतं आणि भाऊजी त्या रेघांतून खुर्ची फिरवत होते.

“भिंतीतून गेलात!” ताई ओरडली. “दार इकडे आहे, दार!”

“मग दार मोठं कर की. एवढी बस चालवली मी, कधी घासली नाही.”

“ये रे, बारक्या. चपला काढ, तू आमच्या अंगणात उभा आहेस.”

त्यानं चपला काढल्या. भाऊजींचे गाल तापल्यासारखे लाल झाले होते. कित्येक महिन्यांत त्यांना असं पाहिलं नव्हतं. जेवून उठू, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. जेवून उठल्यावर, सकाळी सांगू असं ठरवलं. सकाळी सुनावणी होती.

सकाळी शिंपीकाका आणि तो खुर्ची धरून खाली उतरले. “बारक्या, हळू,” भाऊजी म्हणाले, “आज माल नाजूक आहे, इस्त्रीचा शर्ट घातलाय.” तो हसला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो तसाही फारसा हसत नसे.

पालिकेच्या सभागृहात प्लॉट घेतलेली सगळी कुटुंबं आली होती. सरासरीनं अहवाल वाचला: उतार मर्यादेत, आधारभिंतीच्या अटीवर मंजुरीस हरकत नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, “कुणा नागरिकाची हरकत?” तो उठला. माइकपर्यंतचं अंतर त्याला आयुष्यभर पुरेल एवढं वाटलं.

“प्रकरणाशी संबंध?”

“अकरा नंबर ज्यांचा आहे, त्या माझ्या सख्ख्या ताई आहेत.”

सभागृहात कुजबुज झाली. ताई मान वळवून कौतुकानं पाहू लागली. तिला वाटलं, भाऊ आपल्या बाजूनं बोलायला उठलाय. तो नकाशातल्या ओघळाबद्दल बोलला, मग झाडाबद्दल. आवाज इतका बारीक निघाला, की अध्यक्षबाईंना दोनदा “मोठ्यानं” म्हणावं लागलं. शेवटी तो म्हणाला, “नऊ ते बारा या जागा भरावावर आहेत. तिथे चाचणी खड्डा घ्यावा. तोवर मंजुरी देऊ नये.”

ताई उठली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“मॅडम, याला लहानपणी जिना उतरतानासुद्धा माझा हात लागायचा. घाबरट आहे तो. त्याच्या भीतीपायी आमची घरं अडवू नका.”

लोक हसले. एकजण मागून म्हणाला, “धरा हो कुणीतरी हात त्याचा!” ताई मात्र हसली नाही. ती त्याच्याकडे वळली आणि माइकवर नव्हे, घरातल्या आवाजात म्हणाली, “काल माझ्या घरी जेवलास ना? तेव्हा तोंड नव्हतं तुला?”

भाऊजी आपल्या इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी करत राहिले.

खड्डा घ्यायचं ठरलं. यंत्राचा पंजा अकरा नंबरात उतरला तेव्हा सगळे रेघांबाहेर उभे होते. वर आली ती विटांची खपली, फुटक्या फरश्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कुणाच्या तरी मोडलेल्या घरातलं तडकलेलं बेसिन. पंजा खाली खाली गेला, पण मूळ जमीन लागेना. मग बाजूच्या भिंतीतून पाणी पाझरू लागलं. कुणी रोखलेलं, कुणी विसरलेलं, तरी आपल्या वाटेनं चाललेलं पाणी. सरासरी कडेशी उभा राहून ते पाहत होता. “मी पास केलं असतं रे,” तो पुटपुटला. धाकट्याला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण तो ताईला शोधत होता. ती खुर्ची वळवून केव्हाच रस्त्याला लागली होती.

चारही प्लॉट रद्द होऊन तिथे मोकळी जागा ठेवण्याचा आदेश निघाला. विकसकानं ताईला वरच्या अंगाचा प्लॉट देऊ केला, पण रस्त्यापासून दारापर्यंत तिथे पायऱ्याच पायऱ्या. ताईनं नाही म्हणून कळवलं.

पुढच्या रविवारी तो गेला. ताईनं दार उघडलं आणि तशीच आत निघून गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भाऊजी खिडकीकडे पाठ करून बसले होते.

“ये. तुझं बरोबर निघालं.”

“भाऊजी, मी…”

“बरोबर निघालं म्हणतोय ना. ते पाणी मी डोळ्यांनी पाहिलं.” त्यांनी हात मांडीवर ठेवायचा प्रयत्न केला, तो घसरला, तसाच राहू दिला. “एक सांग. मला डॉक्टरांनी जेवढी वर्षं दिलीत, तेवढी टिकली असती का जागा?”

खोटं बोलणं त्याला जमलं नाही. “कदाचित टिकली असती.”

“म्हणजे मला पुरली असती.”

“पण ताई? तुमच्यानंतर ती तिथे एकटी…”

“तेच!” भाऊजींचा जुना मोठा आवाज क्षणभर परत आला आणि तिथेच तुटला. “तेच तू मला आधी सांगायचं होतंस. मी तिला म्हटलं असतं, नको ही जागा, मला नाही आवडली. ती चिडली असती, रडली असती, पण माझ्यावर. आणि मी तिच्यासाठी काहीतरी केलं असतं रे. या आजारात तिच्यासाठी करण्यासारखं ते एवढं एकच माझ्या वाट्याला आलं होतं. तू ते माइकवर करून टाकलंस.”

आत नळ बंद झाला होता. ताई ऐकत होती, हे दोघांनाही कळलं. ती बाहेर आली नाही.

जिन्यात शिंपीकाकांची पावलं वाजली. नेहमीप्रमाणे ते आले होते. धाकटा उठला, त्यानं खुर्चीची मूठ धरली.

“खाली जाऊ या?”

“नको रे,” भाऊजी म्हणाले. “खाली काय आहे?”

तो खिडकीपाशी गेला. खाली रस्ता होता. एक बाई दुकानाची फळी पुसत होती, एक बस वळणावर थांबून पुढे गेली, फुटपाथच्या कडेनं ऊन पडलं होतं. शिंपीकाका दारात उभे राहून वाट पाहत होते.